रिकॉनचा चुरा का होतो?

प्रश्न असा आला आहे. निपाणीकडचे एक तरुण केमिकल इंजिनिअर वर्षभरापासून सिगारेटच्या कारखान्यात, प्राथमिक विभागात, म्हणजे सिगारेट वळण्याआधी तंबाखू तयार करतात तिथे, काम करतात. त्यांच्या मिश्रणात १२ टक्के रिकॉन आहे, म्हणजे तंबाखूच्या उरलेल्या मालापासून पुन्हा बनवलेला पत्रा (पुनर्घटित तंबाखू), कागदी पद्धतीचं. कंडिशनिंग सिलिंडरमध्ये, म्हणजे वाफ-पाण्यानं माल ओलावणाऱ्या फिरत्या पिंपात, त्याचे चिकट गोळे होतात आणि ड्रायरच्या पुढे त्याच रिकॉनचा चुरा होतो. सिगारेट वळणाऱ्या मेकर मशीनवर सिगारेटची टोकं झडतात. ओलाव्याचं मीटर मात्र १३ टक्के दाखवतं. एक वरिष्ठ म्हणतात वाफ वाढवा, दुसरे म्हणतात पुरवठादार बदला. आणि घरी वडील विचारतात, "रिकॉन म्हणजे वखारीत झाडून काढलेली भुकटीच ना रे?"

मी वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट कळलं की वाफेच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तिथेच मिळतं.

तुमच्या वडिलांनी बिडीचा तंबाखू पाहिलेला असणार. तिथे पान उन्हात वाळतं, मग कुटतात, चाळतात. कणी वेगळी, भुकटी वेगळी, देठ वेगळे. जे ज्या चाळणीतून उतरलं त्या भावानं ते विकलं जातं. सिगारेटच्या धंद्यात निराळं आहे. आंध्रातलं किंवा म्हैसूर-हुणसूर-पिरियापट्टण पट्ट्यातलं भट्टीत वाळवलेलं व्हर्जिनिया पान तंबाखू बोर्डाच्या लिलावात विकलं जातं आणि तिथून थ्रेशिंगच्या कारखान्यात जातं. तिथे पानाचा मऊ भाग मधल्या शिरेपासून ओरबाडून वेगळा करतात. मऊ भाग म्हणजे आपला लॅमिना आणि शीर म्हणजे स्टेम. वजनात साधारण पाव भाग ही शीरच असते. लांब, जाड शिरा भिजवून, लाटून, बारीक चिरून, वाफेनं फुगवून सिगारेटमध्ये जातात. उरतात त्या आखूड, काडीसारख्या शिरा, पानाचे बारीक तुकडे आणि प्रत्येक यंत्राच्या सायक्लोनमध्ये, म्हणजे धूळ वेगळी काढणाऱ्या भागात, जमणारी भुकटी. हे मेकरवर चालत नाही. भुकटी सिगारेटच्या टोकातून गळते आणि काड्या कागद फाडतात.

रिकॉन या उरलेल्या मालापासून होतं, त्यामुळे सुरुवातीपुरते वडील बरोबर आहेत. पण मधल्या प्रवासात त्या मालाचं पान म्हणून काहीच शिल्लक राहत नाही. त्यातलं विरघळणारं सगळं पाण्यात काढून घेतात, उरलेल्या धाग्याचा लगदा करून कागद ओढतात आणि काढलेला अर्क पुन्हा त्या कागदात मुरवतात. जकातीच्या यादीतही दोन्ही माल वेगळे आहेत: तंबाखूची टाकाऊ भुकटी-काडी २४०१ ३० खाली येते, तर पुनर्घटित तंबाखू २४०३ ९१ खाली, म्हणजे तयार मालाच्या गटात. रिकॉन मागवताना तुमच्या खरेदी विभागाच्या कागदांवर हा आकडा तुम्ही पाहिला असेल.

हा धंदा वाढला तोही कागदवाल्यांच्या हाताखाली. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिगारच्या आतल्या गुंडाळीसाठी आणि सिगारेटसाठी असे पत्रे बनू लागले. सिगारेटचा कागद बनवणारी श्वाइट्झर ही कंपनी १९५७ मध्ये किंबर्ली-क्लार्कनं घेतली आणि १९९५ मध्ये हा सगळा विभाग श्वाइट्झर-मॉड्यूइट नावानं वेगळा झाला. फ्रान्समध्ये ल माँजवळ स्पे गावी असलेला त्यांचा कारखाना या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे. मी हे एवढ्यासाठी सांगतो की कागदी पद्धतीच्या रिकॉनच्या प्लांटवर उभं राहिलात तर तुम्हाला तंबाखूच्या कारखान्यापेक्षा कागदाच्या गिरणीत आल्यासारखं वाटेल. माझी मधली नऊ वर्षं अशाच एका प्लांटवर गेली. आधी आणि नंतर मी तुमच्यासारखाच प्राथमिक विभागात होतो, मुंबईत. प्लांटवर जाण्याआधी रिकॉनबद्दल माझ्या ज्या समजुती होत्या त्यातल्या बहुतेक चुकीच्या निघाल्या.

पद्धती मुख्यतः तीन. लाटण्याची पद्धत सगळ्यात स्वस्त: भुकटी, थोडं पाणी, डिंकासारखं बंधक, आणि रोलरखालून पातळ पत्रा. तो जड आणि ठिसूळ होतो. दुसरी लगद्याची. भुकटी आणखी बारीक दळून गवारगमसारख्या बंधकासह तिचं पिठल्यासारखं मिश्रण करतात. ते स्टीलच्या फिरत्या पट्ट्यावर पातळ ओततात, खालून वाफ आणि वरून गरम हवा देऊन वाळवतात आणि शेवटी पात्यानं सोलून काढतात. हा पत्रा पानासारखा दिसतो, पण घट्ट असतो, फुगत नाही. काही अमेरिकी कंपन्यांनी बाहेरचं बंधक न घालता अमोनियाच्या क्षारानं शिरांमधलंच पेक्टिन मोकळं करून ते डिंकासारखं वापरलं. अमोनियामुळे धुरातल्या निकोटिनचं रूप बदलतं का, यावर १९९०च्या दशकात तिकडे मोठा वाद झाला. परदेशात तंबाखू न जाळता तापवणाऱ्या ज्या उपकरणांच्या कांड्या मिळतात, त्यातही भरपूर ग्लिसरीन घातलेला असाच ओतीव पत्रा असतो. आपल्याकडे २०१९च्या कायद्यानं ती उपकरणं बंदच आहेत, म्हणून ते सोडून देऊ.

तिसरी कागदी पद्धत, तुमच्याकडे येते ती. ती जरा सावकाश सांगतो.

काड्या आणि तुकडे गरम पाण्यात भिजवतात, साधारण ६० ते ८० अंशांना. त्याआधी माल नीट चाळून, लोहचुंबकावरून आणि हवेच्या झोतातून काढावा लागतो. आपल्या देशातल्या मालात सगळ्यात वाईट शत्रू गोणपाटाची सुतळी. ती लगदा कुटणाऱ्या रिफायनरमध्ये गेली की तिचे बारीक तंतू होऊन सगळ्या लगद्यात मिसळतात आणि मग ती कोणाच्या बापाला शोधून काढता येत नाही; सिगारेट ओढणाऱ्याला मात्र जळक्या गोणीचा वास येतो. दुसरा शत्रू वाळू. शेतातली वाळू भुकटीबरोबर येते. पाण्यात ती खाली बसते, सायक्लोननं काढता येते, पण काढायची इच्छा हवी. न काढलेली वाळू शेवटी तुमच्या कटरच्या पात्यांवर येते.

भिजलेल्या मालातून स्क्रू-प्रेसनं पाणी पिळून काढतात. हे पाणी म्हणजे अर्क. त्यात साखर, निकोटिन, क्षार, रंग, वासाची द्रव्यं. सुक्या तंबाखूच्या वजनाचा चाळीस-पन्नास टक्के भाग गरम पाण्यात उतरतो, हे ऐकून नवीन माणूस दचकतो. मागे उरतो चोथा. चोथा तबकड्यांच्या रिफायनरमधून दोन-तीनदा काढतात. तंबाखूचा धागा आखूड आणि दुबळा, त्यामुळे कागदाला अंग यावं म्हणून त्यात थोडा लाकडाचा लगदा मिसळतात. इथे कारागिरी लागते. कमी कुटलं तर पत्रा विस्कळीत होतो, जास्त कुटलं तर पाणी निथळत नाही आणि पत्रा काचेसारखा घट्ट होतो. भुकटीचं प्रमाण वाढवलं तर बारीक कण जाळीतून पाण्याबरोबर निघून जातात. काड्यांचं वाढवलं तर पत्रा राठ होतो आणि धुराला लाकडाचा वास येतो. लगद्याचं पाणी किती वेळात निथळतं याची चाचणी आम्ही दर तासाला घ्यायचो. आमच्याकडचे एक जुने ऑपरेटर हाताच्या मुठीत लगदा दाबून जे सांगायचे ते चाचणीच्या आकड्याशी जवळपास जुळायचं. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत मी त्यांच्याकडूनच शिकलो.

लगदा धावत्या जाळीवर पसरून कागद ओढतात, थोडा वाळवतात. इकडे अर्क निर्वात बाष्पकात आटवून दाट करतात, त्यात ग्लिसरीनसारखं ओलावा धरणारं द्रव्य आणि ठरलेली साखर-चव घालतात, आणि दोन रोलरांमधून जाणाऱ्या कागदात तो मुरवतात. मग पुन्हा वाळवणं, तुकडे करणं, आणि खोक्यात भरणं. तयार पत्रा साधारण १०० ग्रॅम दर चौरस मीटरच्या आसपास असतो, ओलावा ११-१२ टक्के.

दाट अर्काच्या टाकीबद्दल एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून मी जे शिकलो ते पुरवठादार निवडताना तुमच्या उपयोगाचं आहे. एका दिवाळीत प्लांट तीन दिवस बंद होता. सुट्टीच्या आधी टाकी रिकामी करून धुवायची, हा नियम. उत्पादनाचं लक्ष्य गाठायच्या गडबडीत अर्धी टाकी अर्क तसाच राहिला. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर आंबट वास. मी फेकून द्या म्हणालो. पण अर्क म्हणजे निम्मा माल, फेकायचा म्हणजे मोठा तोटा, म्हणून वरून हुकूम आला की ताज्या अर्कात थोडा थोडा मिसळून वापरा. मी सही केली. ती करायला नको होती. त्या आठवड्याचा सगळा माल वासामुळे ग्राहकानं परत पाठवला.

वास हा त्यातला लहान दोष. शिरांमध्ये नायट्रेट भरपूर असतं. कोमट, ओल्या अर्कात जंतू वाढले की ते नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट व तंबाखूतली अल्कलॉइडं मिळून तंबाखूची खास नायट्रोसामाइन्स तयार होतात. यातल्या एनएनएन आणि एनएनके या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये माणसाला कर्करोग करणारी द्रव्यं म्हणून पहिल्या गटात टाकलं. म्हणजे रिकॉनच्या प्लांटवरची अस्वच्छता ग्राहकाच्या फुप्फुसापर्यंत जाते. म्हणून पुरवठादाराच्या प्लांटला भेट द्याल तेव्हा लॅबोरेटरीतले आकडे पाहण्याआधी अर्काची टाकी पाहा. शेवटची कधी धुतली, अर्क किती तास साठवतात, किती तापमानाला, हे ऑपरेटरला विचारा. मॅनेजरला नको. ऑपरेटर जे सांगेल ते खरं असण्याची शक्यता जास्त.

आता तुमची अडचण. तुमच्या लाइनवर रिकॉनला पानासारखं वागवलं जातंय, सगळी गडबड तिथून सुरू होते.

पानाची रचना आठवा. वर मेणासारखा थर, आत पेशी, पेशींच्या भिंती. पाणी आत शिरायला वेळ लागतो, बाहेर पडायलाही. म्हणून पानाला कंडिशनिंग सिलिंडरमध्ये वाफ आणि पाणी भरपूर लागतं. ११-१२ टक्क्यांवरून १८-२० वर न्यावं लागतं, तरच ते कटरखाली न तुटता चिरलं जातं. रिकॉनला असं कवच नाही. तो छिद्रं असलेला कागद आहे, आणि त्याच्या अंगावर साखर-ग्लिसरीन असलेला अर्क लावलेला आहे. पानाबरोबर त्याच वाफेत टाकलात तर पान अजून विचार करत असताना रिकॉन भिजून चिंब होतो. अर्क विरघळून चिकट होतो, तुकडा तुकड्याला चिकटतो. हेच तुमचे गोळे. वर भिजलेल्या कागदाला ताकद नसते, फिरत्या सिलिंडरच्या खिळ्यांवर तो फाटतो. म्हणजे चुऱ्याचा पहिला हप्ता तिथेच पडतो, फक्त तो ओला असल्यानं दिसत नाही.

पुढे केसिंग सिलिंडर. तुमच्या पानाला तिथे साखरेचं पाणी लावता. रिकॉनला प्लांटवरच लागलेलं असतं. दुसऱ्यांदा लागलं की चिकटपणा दुप्पट. कटरमध्ये दाबाखाली हे चिकटलेले थर गड्डीसारखे एकत्र चिरले जातात, आणि धागा सुटा होण्याऐवजी बारीक विटेसारखे तुकडे पडतात.

आणि मग ड्रायर. जो लवकर भिजतो तो लवकर वाळतो. ड्रायरमध्ये पान सावकाश पाणी सोडतं, रिकॉन झटकन सोडतो. बाहेर पडताना रिकॉन खडखडीत कोरडा, पान अजून ओलसर. या स्थितीत तुम्ही त्याला हवेच्या नळीतून, कोपऱ्यांवर आपटत साठवणीच्या सायलोपर्यंत ओढून नेता. चुऱ्याचा दुसरा आणि मोठा हप्ता तिथे पडतो.

मग मीटर १३ का दाखवतं? कारण ते खोटं बोलत नाही, सरासरी सांगतं. समजा ड्रायरच्या तोंडाशी रिकॉनचा ओलावा १०.२ आहे आणि पानाचा १३.६. रिकॉन फक्त १२ टक्के आहे. सरासरी काढा: १३.२. तीन-साडेतीन टक्के कोरडा रिकॉन त्या आकड्यात पूर्ण लपतो. हे गणित मला प्राथमिक विभागात कामाला लागल्यावर कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. आम्ही त्या काळात मेकरच्या फिटरांना दोष देत होतो, आणि ते बिचारे नळीचा दाब नि पट्टीचा ताण बदलत बसायचे.

मीटरची दुसरी अडचण अशी की ते अवरक्त प्रकाशाचं असेल तर मालाचा फक्त पृष्ठभाग पाहतं. पाणी १.९४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतं, त्यावरून ते हिशोब करतं. पण तुमचं मीटर पानावर जुळवलेलं आहे. रिकॉनचा रंग, गुळगुळीतपणा, अंगावरचं ग्लिसरीन या सगळ्यामुळे त्याचं वाचन सरकतं. तिसरी अडचण ओव्हनची, म्हणजे नमुना वाळवून वजनातली घट हाच ओलावा धरण्याच्या चाचणीची. ओव्हनमध्ये वजन घटतं ते सगळं पाणीच असतं असं नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखी द्रव्यं आणि थोडं निकोटिनही उडून जातं. म्हणून रिकॉनचा ओव्हनचा आकडा कार्ल फिशरच्या, म्हणजे फक्त पाणी मोजणाऱ्या रासायनिक चाचणीच्या, आकड्यापेक्षा जास्त येतो. पुरवठादार एका पद्धतीनं मोजत असेल आणि तुम्ही दुसऱ्या, तर तुम्ही दोघंही प्रामाणिक असून भांडत राहाल. प्रमाणपत्रावर पद्धत लिहून घ्या.

वाफ वाढवण्यानं काय होईल हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. रिकॉन आणखी भिजेल, गोळे वाढतील, त्या जास्तीच्या पाण्याला घालवायला ड्रायर जास्त तापवावा लागेल, आणि रिकॉन आणखी कोरडा निघेल. पुरवठादार बदलणं हा दुसरा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटचा. नवीन माल याच लाइनवर असाच वागेल.

मी काय करेन ते सांगतो. पहिलं, रिकॉन कंडिशनिंग सिलिंडरमधून पूर्ण बाहेर काढा. त्याची खोकी लाइनजवळच्या वातानुकूलित खोलीत आदल्या दिवशी आणा, साधारण ६० टक्के आर्द्रतेत, आणि तिथेच उघडा. मुंबईत मी पावसाळ्यात खोकी गोदीच्या फलाटावर उघडी पडलेली पाहिली आहेत. जुलैच्या हवेत ग्लिसरीन असलेला कागद दोन तासांत लिबलिबीत होतो आणि खोक्याच्या मधला भाग मात्र तसाच राहतो. एका खोक्यात दोन प्रकारचा माल. काही दिवस तसाच राहिला तर बुरशीही धरते.

सुटा झालेला रिकॉन स्वतंत्र वजनपट्ट्यावरून, केसिंग सिलिंडरच्या पुढे, पानाच्या थरावर सोडा आणि मग मिश्रणाच्या बिनमध्ये जाऊ द्या. बिनमध्ये २० टक्के ओलाव्याचं पान आणि १२ टक्के ओलाव्याचा रिकॉन शेजारी शेजारी बसले की पानातलं पाणी हळूहळू रिकॉनकडे जातं. वाफेपेक्षा ही ओल फार सौम्य आणि सारखी असते. पण त्याला वेळ हवा. तुमच्या बिनमध्ये माल किती वेळ थांबतो ते पाहा. अर्ध्या तासात बिन रिकामी होत असेल तर हा उपाय चालणार नाही. दोन तास मिळाले तर फरक डोळ्यांना दिसतो. लाइनची मांडणी बदलायला परवानगी मिळत नसेल, तर निदान सिलिंडरच्या आत रिकॉन पानाच्या खाली न घालता वर घाला आणि पाण्याचा फवारा कमी करून बघा. त्यानं पूर्ण सुटका होणार नाही, गोळे कमी होतील.

कटरची पाती मी मुद्दाम नंतर सांगतो, कारण सगळे आधी तिथेच धावतात. बोथट पातं रिकॉनला चिरत नाही, चुरडतं, हे खरं. पण पाती लवकर बोथट होत असतील तर कारण वाळू असतं. पुरवठादाराकडून आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा आकडा मागा, तोच वाळूचा आकडा.

ड्रायरनंतर हवेच्या नळीऐवजी पट्टा किंवा कंपन-वाहक वापरता येत असेल तर वापरा. नसेल तर हवेचा वेग माल उचलण्यापुरताच ठेवा. काही कारखान्यांत रिकॉन वेगळ्या लाइनवर चिरून ड्रायरनंतरच मिश्रणात घालतात. मोठ्या प्रमाणात वापर असेल तर तो सगळ्यात चांगला मार्ग आहे, पण १२ टक्क्यांसाठी वेगळी लाइन तुमचे वरिष्ठ मंजूर करणार नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर असतील.

कोणी तुम्हाला सांगेल की रिकॉनमध्ये निकोटिन कमी असतं, त्यामुळे ही सिगारेट तेवढी सौम्य आणि कमी घातक. हे मानू नका आणि कोणाला सांगूही नका. शिरांमध्ये निकोटिन पानापेक्षा कमी असतं एवढंच त्यातलं खरं. धागा, लाकडाचा लगदा, साखर हे सगळं जळतंच, आणि जळताना टार आणि कार्बन मोनॉक्साइड देतं. मी आयुष्यभर हे काम केलं, मन लावून केलं, आणि तरी माझ्या दोन्ही मुलांना सिगारेटपासून लांब ठेवलं. माझ्याबरोबर रुजू झालेला एक मित्र चाचणीच्या नावाखाली दिवसाला वीस-पंचवीस ओढायचा. तो साठीही पाहू शकला नाही.

तुमच्या स्वतःच्या तब्येतीचं पण बघा. रिकॉनचा चुरा म्हणजे तंबाखूची बारीक भुकटी, ती फुप्फुसात जाते आणि बंद जागेत तरंगत असेल तर ठिणगीनं पेट घेते, स्फोटही होतो. सायक्लोनचे फिल्टर आणि नळीचं अर्थिंग यात हयगय करू नका. पुरवठादाराच्या प्लांटवर गेलात तर दाट अर्काला उघड्या हातानं शिवू नका. निकोटिन कातडीतून शरीरात जातं. आमच्याकडे एका कामगाराच्या पँटवर बादलीभर अर्क सांडला आणि त्यानं तो तसाच वाळू दिला. तासाभरात उलट्या, चक्कर, घाम. त्यानंतर अर्काच्या विभागात शॉवर बसला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

हे सगळं करण्याआधी एक दिवस फक्त मोजणीला द्या. ड्रायरच्या तोंडाशी, माल गरम असतानाच, २०० ग्रॅम नमुना हवाबंद डब्यात घ्या. पुढच्या सायलोमधून घेऊ नका, तिथे काही तासांत सगळं समान होतं आणि पुरावा नाहीसा होतो. दोन-तीन माणसं बसवून रिकॉनचे धागे हातानं वेगळे करा. ओळखायला सोपे आहेत: दोन्ही बाजूंनी एकसारखा रंग, अंगावर शिरेची एकही रेघ नाही. निवडणं भरभर आणि बंद खोलीत व्हायला हवं, निवडलेलं लगेच वेगळ्या झाकणाच्या डब्यात. दोन्ही ढिगांचा ओलावा ओव्हनमध्ये वेगवेगळा काढा. मग असेच नमुने कटरच्या आधी, कटरनंतर, ड्रायरनंतर आणि मेकरच्या हॉपरमधून घ्या, आणि चाळणीवर बारीक भागाचं प्रमाण लिहा. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो तिथे तुमचा चुरा होतो.

माझा अंदाज, दोन ढिगांमध्ये तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघेल आणि चाळणीचा आकडा ड्रायर आणि हॉपरच्या मध्ये वाढेल. तसं निघालं तर वर सांगितल्याप्रमाणे रिकॉन सिलिंडरमधून बाहेर काढा, एका पाळीपुरतं, आणि हीच मोजणी पुन्हा करा. फरक एक टक्क्याच्या आत आला आणि चुरा तरीही पडत राहिला, तर मात्र तुमचे दुसरे वरिष्ठ बरोबर आहेत: पत्राच दुबळा आहे, जास्त भुकटीचा किंवा कमी कुटलेल्या लगद्याचा. तेव्हा पुरवठादाराकडून ताण-ताकदीचा आणि विरघळणाऱ्या भागाचा आकडा मागा, गेल्या सहा खेपांचा, आणि तो घेऊनच त्याच्याशी बोलायला बसा.